दारांशिवाय फार्स कसा उभा करायचा?

पडद्यामागची (हरमल)
आमच्या जत्रेत दशावताराच्या दुसऱ्या रात्री वाड्यावरच्या मंडळींचं नाटक असतं. यंदा फार्स, म्हणजे लपालपीचं विनोदी नाटक, लिहायचं माझ्या गळ्यात पडलंय. मी स्वतः तीन खोल्या पाहुण्यांना देते, त्यामुळे विषय शोधायला उंबरा ओलांडावा लागला नाही.

दोघी बहिणी. थोरली नलू खानावळ चालवते, नारळसुद्धा मोजून ठेवते. धाकटी शकू कुठल्याशा शिबिराला गेली ती 'शक्ती' होऊन परतली. आता मागच्या खोलीत लोकांची चक्रं उघडते, तिबेटी वाटी वाजवते. एकाच खोलीचं ॲडव्हान्स दोघींनी घेतलंय. नलूने देवगडच्या वऱ्हाडाकडून, शकूने सात दिवस मौन धरलेल्या एका गोऱ्याकडून. तो बिचारा बोलणार कसा, की खोली माझी म्हणून?

अडचण एक: मंडपात दारं नाहीत. रंगवलेला पडदा नि दोन विंगा. दुसऱ्या अंकात तर नऊ वेळा लपालपी आहे.
अडचण दोन: तालमीत सगळे शकूलाच हसतात. नलू शहाणी, शकू येडी, असं झालंय. ते मला टोचतंय.

विंगेतला (फोंडा)
बाई, गेस्ट हाऊस आहे ना? मग चादरी वाळत घाला! या विंगेपासून त्या विंगेपर्यंत दोरी, तिच्यावर पाच चादरी. मागून दिवा सोडलात तर सावल्याही पडतील. दिव्याजवळ उभा राहिला तर वऱ्हाडातला किडकिडीत मामासुद्धा राक्षस दिसेल. मात्र कुठल्या चादरीमागे कोण आहे हे प्रेक्षकाला आधी कळलं पाहिजे. गुपित पात्रांपासून ठेवायचं, समोर बसलेल्यांपासून नाही. नवीन लिहिणारे नेमके इथेच चुकतात आणि शेवटी 'तो हाच होता' म्हणून टाळ्यांची वाट बघत बसतात.

वास्कोचा नाटक्या
चादरीला आवाज नाही हो. दार धाडकन आपटतं त्यात अर्धा हशा असतो. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वापरा. तो पाव द्यायला येतो, दर वेळी चुकीच्या क्षणी 'पों पों' करतो आणि लपलेले सगळे जागा बदलतात.

मांद्र्याची
मी एका योगशाळेत चार सीझन जेवण केलंय, म्हणून दुसऱ्या अडचणीवर बोलते. ती वाटी जवळून बघितली आहे. काशासारखीच. माझी आजी काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासायची, अंगातली उष्णता उतरायला. त्याचे कोणी पैसे घेत नव्हतं, एवढाच फरक.

आणि तुमची नलू मोठी शहाणी म्हणता, ती खानावळीला नवा फ्रीज घ्यायचा का हे कोणाला विचारते? देवाला प्रसाद लावून, म्हणजे मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल मागून, पाकळी उजवी पडते की डावी बघूनच ना? वऱ्हाड आलं की मीठ-मिरच्यांनी दृष्टही तीच काढणार. मग शकूने हो-नाही विचारायला लंबक फिरवला तर नाक का मुरडायचं? दोघी एकाच खोलीसाठी आपापला कौल घेऊ देत. दोघींनाही उत्तर 'हो' मिळू दे. आणि शकूला पैशांची खरी गरज असू दे. पावसाळ्यात खोल्या चार महिने रिकाम्या असतात हे तुम्हाला मी काय सांगायचं.

पडद्यामागची (हरमल)
मांद्र्याच्या ताई, फ्रीजचं तुम्हाला कोणी सांगितलं? आमच्या घरी अगदी तसंच झालं होतं!

काल करून बघितलं. तालीम अकराला, म्हणजे पेजेची वेळ. नलूचं काम करणाऱ्या बाईने शकूच्या वाटीत खरीच पेज वाढली, वर तोराची, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैरीची, फोडही ठेवली. शकूने डोळे मिटून दांडा मारला. 'थड्.' मौनी गोरा झालेला माझा भाचा असा फिस्सकन हसला की मौनच मोडलं. ते तसंच ठेवलंय, अंक तिथेच पाडतेय.

भोंपूही घेतलाय. पाकळीचा प्रवेश मात्र आधी पुजाऱ्यांना वाचून दाखवीन, खेळ देवळाच्याच मंडपात आहे.

राहता राहिल्या चादरी. जत्रा ऐन सीझनात, माझ्या तिन्ही खोल्या भरलेल्या. कोणाकडे पाच डबल बेडच्या, फार फुलं नसलेल्या चादरी आहेत का? धुऊन परत देईन.