चेरोकींना हुसकावलं ते जमिनीसाठी की वंशामुळे?

धूळपाटी: अमेरिकेतल्या चेरोकींसारख्या मूळ रहिवासी ('इंडियन') जमातींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हलवण्यासाठीचा १८३० चा इंडियन रिमूव्हल कायदा वंशद्वेषातून आला, असं सरसकट बोललं जातं. मला भांडण जमिनीचंच दिसतं. चेरोकी राहत होते त्या जॉर्जिया राज्यात १८२९ च्या सुमारास सोनं सापडलं आणि १८३२ मध्ये चेरोकींची जमीन सोडत काढून वाटली: शेतीचे तुकडे १६० एकरांचे, सोन्याच्या पट्ट्यातले ४० एकरांचे. चेरोकींकडे १८२७ ची लिखित राज्यघटना होती, १८२८ पासून स्वतःचं वृत्तपत्र होतं, १८३५ च्या गणतीत सुमारे १,६०० गुलामही होते. गोऱ्या शेजाऱ्यांसारखं सगळं करूनही जमीन गेलीच.

निरगाठ: हे तर तुमच्याच विरोधात जातंय! सोडत फक्त गोऱ्यांसाठी होती. शिवाय जॉर्जियाच्या कायद्यानं चेरोकी हद्दीबाहेरच्या गोऱ्याविरुद्ध इंडियनाची साक्षच बाद ठरवली. कुणी घर बळकावलं, गुरं हाकून नेली, तर कोर्टात सांगणार कोण?

धूळपाटी: ते साधन झालं, हेतू नव्हे. प्रतिनिधिगृहात कायदा १०२ विरुद्ध ९७ मतांनी कसाबसा निघाला. विरोध मुख्यतः उत्तरेतून होता, आणि वंशद्वेष तिकडेही काही कमी नव्हता. फरक कापसाच्या जमिनीचा.

पाचवा कोपरा: त्या १०२ मधली जादा मतं आली कुठून? गुलामाला मत नाही, पण राज्याच्या जागा ठरवताना तो तीन-पंचमांश माणूस! दक्षिणेच्या त्या वाढीव जागा वजा करा, पाचची आघाडी उरत नाही.

आणि चॉक्टॉ ही दुसरी जमात पाहा. १८३० च्या तहातलं १४ वं कलम: राहायचं असेल तर सहा महिन्यांत एजंटकडे (जमातीसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) नोंद करा, कुटुंबप्रमुखाला ६४० एकर, दहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलामागे ३२०, लहानामागे १६०, पाच वर्षं तिथंच राहिलात की मालकी. कागदावर उत्तम. पण नोंदवही एकट्या एजंट विल्यम वॉर्डच्या हातात. त्यानं लोकांना परत पाठवलं, अर्ज टाळले. अखेर यादीत ६९ कुटुंबप्रमुख. कलम न मोडता जमीन मोकळी.

धूळपाटी: मग चेरोकी घटनेनंच आफ्रिकी वंशाच्यांना पदं बंद केली होती, त्याचं काय?

निरगाठ: त्यानं माझाच वंशाचा मुद्दा पक्का होतो. १८३८ मध्ये चेरोकींना सक्तीनं पश्चिमेकडे चालवत नेलं, त्या पायपिटीत त्यांचे गुलामही मालकांबरोबर पश्चिमेला नेले गेले. १८६६ च्या तहानं मुक्त झालेल्यांना चेरोकी नागरिकांचे हक्क दिले. तरी त्यांच्या वंशजांना ते हक्क टिकवायला २०१७ पर्यंत कोर्टात भांडावं लागलं. त्या खटल्यात जमिनीचा प्रश्न कुठे होता?