परसातल्या टँकचे पाणी तापते आहे: सल्ला हवा

प्रेषक: सदानंद, कोल्हापूर
दिनांक: १४ एप्रिल

सस्नेह नमस्कार मंडळी,

सोळा वर्षे अमेरिकेत फिनिक्सला काढून मी मागच्या दिवाळीत कायमचा कोल्हापूरला परतलो, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आपल्या या ई-मेल यादीतून नाव मात्र मी काढून घेतलेले नाही, कारण गणेशोत्सवाच्या वर्गणीवरून होणारे वाद वाचल्याशिवाय मला अजूनही चैन पडत नाही.

आज लिहिण्याचे कारण निराळे आहे. कळंब्याच्या बाजूला बांधलेल्या आमच्या घराच्या परसात पंचवीस फूट लांब, बारा फूट रुंद आणि सरासरी साडेचार फूट खोल असा पोहण्याचा टँक आम्ही बांधून घेतला. (इथे त्याला टँकच म्हणतात. रंकाळ्याजवळच्या अंबाई टँकमुळे तो शब्द रुळला असावा, आणि ‘पूल’ म्हटले की ऐकणाऱ्याला पंचगंगेवरचा शिवाजी पूल आठवतो.) फेब्रुवारीत पाणी इतके गार होते की नातू पायऱ्यांवरूनच परत फिरायचा. आता पारा ३७ अंशांवर गेला आहे आणि काल संध्याकाळी सहा वाजता टँकच्या पाण्याचे तापमान ३४.५ अंश भरले. नातू म्हणाला, “आजोबा, ह्यात साबण घेऊनच उतरू या का?”

टँक बांधणाऱ्या ठेकेदाराने निळ्या, फुगेवाल्या प्लास्टिकचे आवरण सोबत दिले होते आणि दिवसभर पाणी झाकून ठेवा म्हणजे ऊन लागणार नाही, असे बजावले होते. त्याप्रमाणे गेले दहा दिवस सकाळी आठपासून मी ते आवरण इमानेइतबारे अंथरतो आहे, आणि पाणी रोज थोडे अधिकच तापते आहे. शेजारच्या आप्पांचे म्हणणे आहे की बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणून टाकाव्यात. पुतण्या म्हणतो, टँकर बोलवा आणि पाणी बदला. तुमच्यापैकी अनेकांच्या अंगणात टँक आहेत आणि तिकडचा उन्हाळा इथल्यापेक्षा कडक असतो. नाना, तुम्ही तर आयुष्यभर पंप आणि कूलिंग टॉवर यांतच वावरलात. आपण काय करता, ते कृपया सविस्तर कळवावे.

आपला,
सदानंद

प्रेषक: नाना, फिनिक्स
दिनांक: १५ एप्रिल

प्रिय सदानंदराव,

ते निळे आवरण आधी काढा आणि मगच पुढचे वाचा. ते ऊब धरून ठेवण्यासाठी केलेले आहे. थंड मुलखात पाणी लवकर तापावे म्हणून ते अंथरतात. त्याच्यातून ऊन खाली उतरते, फुग्यांमधली हवा उष्णतेला बाहेर पडू देत नाही, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पाण्याची वाफ होणे जवळजवळ थांबते. माठाला बाहेरून ऑइलपेंट फासायचा आणि पाणी गार होत नाही म्हणून कुंभाराला बोल लावायचा, तसा हा प्रकार झाला.

लहानपणी कागलकडच्या आमच्या उसातल्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून मी पोहायला शिकलो. ऐन मे महिन्यात त्या पाण्याने दातखीळ बसायची. विहिरीचे तोंड अरुंद, त्यामुळे पाण्यापर्यंत ऊन पोचायचे ते भर दुपारी तासदीड तास. खाली वीस-पंचवीस फूट पाणी, आणि कातळातून झऱ्याची भर सतत चालू. तुमचा टँक नेमका याच्या उलट आहे: उथळ, पसरट आणि दिवसभर आभाळाकडे तोंड करून बसलेला. विहीर आपोआप गार राहत होती. टँकची उष्णता मात्र बाहेर कशी जाईल, ते आपल्यालाच पाहावे लागते.

आता हिशेब पाहा, म्हणजे आप्पांच्या बर्फाचा निकाल लागेल. तुमच्या टँकमध्ये १३५० घनफूट, म्हणजे सुमारे ३८ हजार लिटर पाणी आहे आणि ते एक अंशाने उतरवायचे तर ३८ हजार किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळून टँकच्या पाण्याइतका कोमट होईपर्यंत जेमतेम ११० किलोकॅलरी घेतो, म्हणून एका अंशासाठी साडेतीनशे किलो बर्फ लागेल. पाच हजार लिटरचा टँकर २६ अंशांचे विहिरीचे पाणी घेऊन आला आणि तेवढे जुने पाणी तुम्ही सोडून दिले, तरी उतार एका अंशाचाच. याउलट एक लिटर पाण्याची वाफ होते तेव्हा ती सुमारे ५८० किलोकॅलरी सोबत घेऊन जाते, त्यामुळे तोच एक अंश केवळ ६५ लिटर पाण्याच्या वाफेने उतरतो. साडेतीनशे किलो बर्फ, पाच हजार लिटरचा टँकर की पाच बादल्या वाफ, ते तुम्हीच ठरवा.

दुसरी बाजू उन्हाची. एप्रिलमध्ये आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसभरात सहा युनिटांहून (किलोवॅट-तासांहून) अधिक उष्णता पडते. तुमचा पृष्ठभाग २८ चौरस मीटर आहे. त्यातली तीन चतुर्थांश उष्णता पाण्यात मुरली असे धरले, तरी एका दिवसात पाणी पावणेतीन-तीन अंशांनी चढू शकते. चिलर बसवून हे सगळे यंत्राने काढायचे म्हटले तर रोजची चाळीसेक युनिटे वीज जाईल. म्हणून दिवसा ऊन अडवायचे आणि रात्री पाणी उडवायचे, एवढ्या दोनच गोष्टी मी इथे करतो. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. त्या महिन्यातही माझे पाणी पोहण्याजोगे राहिले ते एवढ्यावरच.

फवाऱ्यासाठी पंपाच्या रिटर्न लाइनवर, म्हणजे पाणी टँकमध्ये परत नेणाऱ्या पाइपवर, एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि तिथून दीड इंची पीव्हीसी पाइप टँकच्या बारा फुटी काठावर आडवा टाका. टोकाला एंड कॅप लावा आणि पाइपला नऊ-नऊ इंचांवर तीन मिलिमीटरची भोके पाडा, म्हणजे पाण्याच्या धारा कमानीसारख्या उडून टँकमध्येच पडतील. भोके याहून बारीक नकोत. अगदी बारीक तुषार दिसायला देखणे असतात, पण ते वाऱ्याबरोबर शेजारच्या गच्चीवर जातात. कोल्हापूरचा संध्याकाळचा वारा पश्चिमेचा असतो. तेव्हा पाइप पश्चिमेच्या काठावर घाला, म्हणजे वारा धारा टँकवरच ढकलेल. एवढ्या भोकांतून पंपाचे सगळे पाणी जाणार नाही, म्हणून नेहमीची रिटर्न लाइन अर्धी उघडी ठेवा, नाहीतर फिल्टरवर दाब चढेल.

फवारा रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत चालवा. वाफ करून पाणी किती गार होऊ शकते याची एक खालची मर्यादा असते: थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून वाऱ्यात धरले की जे तापमान दिसते, ती ही मर्यादा. हवा ३७ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असेल तर ती सुमारे २२ अंश येते, म्हणजे फवारा दुपारीही काम करतो. पण दुपारी उडालेले थेंब तापलेल्या हवेतली उष्णता घेऊन सुकतात. पाणी जास्त जाते आणि टँक कमी गार होतो. रात्री हवा स्वतःच गार असते आणि निरभ्र आकाशाकडे पाणी आपली उष्णता फेकत असते. मालवणला माझ्या भाच्याने हाच फवारा केला आणि तो फसला. तिथे हवा ३३ अंश असली तरी आर्द्रता ७० टक्के असते आणि ओल्या फडक्याचे तापमानच २८ अंश भरते.

ऊन अडवण्यासाठी शिरोळ-हातकणंगल्याकडे भाजीवर आणि फुलांवर घालतात ती ७५ टक्क्यांची शेडनेट आणा आणि जीआय पाइपच्या सांगाड्यावर आठ-नऊ फूट उंच ताणा. चारही बाजू मोकळ्या ठेवा, कारण सावली हवी असली तरी वारा अडता कामा नये. वळवाच्या वाऱ्यात ती फाटते, तेव्हा ढग जमले की सोडून घेता येईल अशीच बांधा.

आणखी एक सांगतो, त्याकडे दुर्लक्ष करू नका. पाणी हवेत उडवले की त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा, चढतो. पीएच ७.५ असताना क्लोरीनचा जवळजवळ अर्धा भाग जंतू मारण्याच्या कामी येतो. तो ८ झाला की पावच उरतो. पाणी कोमट असताना क्लोरीन आधीच लवकर संपते. तेव्हा टेस्ट किटने दोन दिवसांआड तपासा आणि पीएच ७.२ ते ७.८ यांमध्ये ठेवा. ॲसिड घालताना बादलीत आधी पाणी घ्या आणि मग त्यात ॲसिड ओता. उलट कधीही करू नका.

आपला,
नाना

प्रेषक: विलास, टेम्पी
दिनांक: १५ एप्रिल

सदानंददादा आणि नाना यांना नमस्कार,

मी माण तालुक्यातला. आमच्याकडे चैत्र लागला की टँकरच्या वेळेवर घरातल्या बायकांचा दिवस ठरत असे. वाद घालण्याचा हेतू नाही. पण पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांनी रात्रभर पाणी हवेत उडवावे आणि त्याला युक्ती म्हणावे, हे वाचून बरे वाटले नाही. तीन अंश उतरवायचे तर नानांच्याच हिशेबाने रोज दोनशे लिटर पाणी जाणार.

विलास

प्रेषक: नाना, फिनिक्स
दिनांक: १६ एप्रिल

प्रिय विलास,

आकडा बरोबर आहे आणि आक्षेपही योग्य आहे. मात्र उघड्या टँकमधून एप्रिलच्या उन्हात फवारा नसतानाही दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी उडते. या टँकचे ते दोनशे लिटरच्या आसपासच भरते. शेडनेट घातल्यावर दिवसाची ही वाफ बरीच घटते आणि त्या वाचलेल्या पाण्यातूनच फवाऱ्याचा बहुतेक खर्च निघतो. खरी उधळपट्टी एक अंशासाठी पाच हजार लिटर सोडून देण्यात आहे, म्हणून टँकरचा मी विचारही करू दिला नाही. परसात टँक असावाच का, हा तुझा मूळ प्रश्न असेल, तर त्याचे उत्तर सदानंदरावांनी द्यायचे आहे. माझ्याही अंगणात तो असल्यामुळे मी गप्प बसतो.

नाना

प्रेषक: सदानंद, कोल्हापूर
दिनांक: ९ मे

सस्नेह नमस्कार,

तीन आठवड्यांचा वृत्तांत कळवतो. आवरण त्याच दिवशी काढले आणि दुसरे काहीही न करता तिसऱ्या सकाळी पाणी ३२ अंशांवर आले. ठेकेदाराला फोन करून विचारले, तेव्हा ‘सगळ्यांना तेच देतो’ एवढे उत्तर मिळाले.

फवारा बसवायला प्लंबरने अर्धा दिवस घेतला. भोके त्याने माझे न ऐकता एक मिलिमीटरची पाडली; पहिल्या रात्री त्यातून धुके निघाले आणि सकाळी आप्पांच्या गच्चीवर वाळत घातलेले सांडगे ओले झाले. त्यांना नवीन सांडगे घालून द्यावे लागले आणि बर्फाचा विषयही पुन्हा ऐकावा लागला. मग तीनच्या ड्रिल बिटने भोके मोठी केली. आता धारा तीन-चार फूट उंच जाऊन टँकच्या मध्यापर्यंत पडतात आणि रात्री खिडकी उघडी ठेवली की पन्हाळी गळाव्यात तसा आवाज येतो. पाच रात्रींनंतर सकाळी २८ आणि संध्याकाळी ३० अंश भरले. शेडनेट चढल्यापासून सकाळी २६.५ आणि संध्याकाळी २८ च्या आत असते. पोहण्याच्या स्पर्धांसाठी २५ ते २८ अंश ठरलेले आहेत, असे नातवाने मला सुनावले. जलतरणपटू वीरधवल खाडे कोल्हापूरचा, हे कळल्यापासून तो अशी माहिती गोळा करत असतो. सकाळी साडेसहाला उतरतो तो हाक मारल्याशिवाय बाहेर येत नाही.

वळवाचा पहिला पाऊस २ तारखेला झाला. नेट सोडायला मी धावलो, पण एक कोपरा फाटलाच.

पीएचबाबत नानांचे ऐकायला हवे होते. पहिल्या आठवड्यात तपासलेच नाही आणि नातवाचे डोळे लाल झाले तेव्हा पाहिले, तर पीएच ८.१ वर होता. आता किट पायरीवरच ठेवले आहे. दुपारी एक तास पंप साधा चालवतो, म्हणजे क्लोरीन सगळीकडे फिरते.

विलास, तुझ्यासाठी भिंतीवर खूण करून पातळी मोजली. नेट घालण्याआधी फवारा चालू असताना आठवड्यात तीन इंच पाणी घटत होते. नेटनंतर ते दोन इंचांच्या थोडे खाली आहे. उन्हाळ्यानंतर बॅकवॉशचे, म्हणजे फिल्टर उलट्या धारेने धुतल्यावर निघणारे पाणी नारळांकडे वळवायचे ठरवले आहे, फक्त ज्या दिवशी क्लोरीन घातले असेल तो दिवस सोडून.

एक अडचण उरली आहे. भर बोअरच्या पाण्याची घालतो आणि ते जड आहे. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. फवाऱ्याच्या पाइपच्या भोकांभोवती आणि पाण्याच्या रेषेवरच्या निळ्या टाइल्सवर पांढरी किनार धरू लागली आहे. लिंबू चोळून निघाली, पण चार दिवसांत परत आली. पावसाळ्यात गच्चीचे पाणी टँकमध्ये घेतले तर जडपणा उतरेल असे वाटते. तसे कुणी केले असल्यास, पहिल्या पावसाची धूळ कशी वगळली, ते कळवावे. मृगाला अजून महिना आहे. तोवर पाइप जोडून होईल.

आपला,
सदानंद