ज्वारीचा पिझ्झा भाकरीसारखा चिरतो, काय करावे?

गोदाकाठ (नाशिक)

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला गेल्या दिवाळीनंतर सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) असल्याचे निदान झाले. रक्ततपासणी आणि एंडोस्कोपी दोन्ही झालेल्या असल्यामुळे गहू खरोखर बंद करायचा का, हा प्रश्न आमच्यापुढे उरलेला नाही. भाकरी त्याला पहिल्यापासून आवडते, त्यामुळे रोजच्या जेवणाचे फारसे अडत नाही. अडते ते पिझ्झ्यापाशी. तीन आठवड्यांनी त्याचा वाढदिवस आहे, सोळा मुले येणार आहेत आणि त्याने एकच अट घातली आहे की, सगळ्यांच्या ताटात जे असेल तेच त्याच्याही ताटात असावे.

आतापर्यंत तीन प्रयत्न केले. ज्वारीच्या पिठात दही आणि बेकिंग पावडर घालून छोट्या चकत्या लाटल्या, तर त्यांच्या कडा चिरल्या आणि गार झाल्यावर त्या खापरासारख्या कडक झाल्या. तांदळाच्या पिठाचा बेस वरून भाजल्यासारखा दिसला, पण मध्यभागी कच्चा आणि चिकट राहिला. बाजारातले तयार मिश्रण आणले, ते महाग तर होतेच, शिवाय खाताना तोंडात रवाळ लागत होते आणि मुलाने दुसरा घास घेतला नाही.

मला मोठा पिझ्झा नको आहे. तळहातावर मावेल, मुलांना उभ्या-उभ्या खाता येईल आणि आदल्या दिवशी निम्मे काम उरकता येईल, असे काहीतरी हवे आहे. घरी साधा ओटीजी आहे. इसबगोल घालतात असे ऐकले आहे, परंतु ते किती घालायचे आणि त्याने नेमके काय होते, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

हुरडा (सोलापूर)

ताई, तुमच्या तिन्ही प्रयत्नांत हाताची चूक नाही. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे एक ताणले जाणारे जाळे तयार करतात, आणि यीस्टमुळे निर्माण होणारा वायू त्या जाळ्यात अडकून राहतो म्हणून पिझ्झा फुगतो. ज्वारीतही प्रथिने असतात, पण ती असे जाळे विणत नाहीत. त्यामुळे ज्वारीचे पीठ लाटले की ते ताणले जाण्याऐवजी तुटते. आपल्या आज्या हे जाणून होत्या, म्हणूनच त्या भाकरी लाटत नसत, थापत असत, आणि पिठाची विरी (चिकटपणा) गेलेली असेल तर गरम पाण्याचा आधार घेत.

तोच आधार इथे घ्यायचा आहे. ज्वारीच्या पिठाची उकड काढली की त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो आणि जाळ्याचे थोडे काम करतो. उरलेले काम इसबगोल करते. इसबगोलाचे टरफल आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून घट्ट जेलीसारखे होते, ती जेली पिठाला बांधून ठेवते आणि भाजल्यावरही ओलावा धरून ठेवते, म्हणून बेस गार झाल्यावर खापर होत नाही. औषधाच्या दुकानात मिळते ते साधे इसबगोल चालते, मात्र साखर किंवा संत्र्याचा स्वाद घातलेले आणू नका.

माझे प्रमाण वजनाने सांगते, कारण इसबगोल चमच्याने मोजले की हमखास चुकते. ज्वारीचे पीठ १२० ग्रॅम, तांदळाचे पीठ ६० ग्रॅम, टॅपिओका स्टार्च ६० ग्रॅम, इसबगोल १२ ग्रॅम, ड्राय यीस्ट ४ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, साखर एक चमचा, तेल दोन मोठे चमचे आणि पाणी एकंदर २३० मिलिलिटर. टॅपिओका स्टार्च मिळाला नाही तर बटाट्याचा स्टार्च घ्या. साबुदाणा मिक्सरमध्ये अगदी बारीक करून, वस्त्रगाळ करूनही काम भागते, पण थोडीशी कचकच राहते.

आधी १०० मिलिलिटर पाणी उकळून त्यात ज्वारीच्या पिठातले अर्धे पीठ घालून उकड काढावी आणि ती झाकून कोमट होऊ द्यावी. उरलेल्या कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट विरघळवून फेस आला की त्यात इसबगोल घालून लगेच ढवळावे. एक क्षण जरी थांबलात तरी गुठळ्या होतात. पाच मिनिटांनी ते घट्ट झाले की उकड, उरलेली पिठे, मीठ आणि तेल एकत्र करून चांगले मळावे. हे पीठ गव्हाच्या कणकेपेक्षा सैल आणि हाताला थोडे चिकटणारे असते. ते घट्ट वाटेपर्यंत कोरडे पीठ घालत राहणे, ही सर्वांत मोठी चूक होय, आणि मीही ती दोन वेळा केलेली आहे.

याचे सुमारे ४० ग्रॅमचे बारा गोळे होतात. बटर पेपरवर तेलाच्या हाताने एकेक गोळा थापून आठ-नऊ सेंटिमीटरची चकती करावी, कड किंचित जाड ठेवावी आणि झाकून पाऊण तास ठेवावे. ती दुप्पट फुगणार नाही, थोडी टम्म दिसली तरी पुरे. मग ओटीजी २२० अंशांवर नीट तापवून वर काहीही न घालता दहा मिनिटे भाजावे. तुमचा तांदळाचा बेस मध्ये कच्चा राहिला तो इथेच. अशा पिठात पाणी जास्त असते, त्यावर लगेच सॉस आणि भाज्या पसरल्या की वाफेला बाहेर पडायला वाट उरत नाही. भाजलेल्या चकत्या पूर्ण गार करून डब्यात बटर पेपरचे थर देऊन फ्रीझरमध्ये ठेवल्या तर आठ-दहा दिवस चांगल्या राहतात. ऐन वेळी त्यावर सॉस, चीज घालून सात-आठ मिनिटे पुन्हा भाजायचे. सोळा मुलांना प्रत्येकी तीन धरल्या तर चार घाणे लागतील.

सॉस मात्र घरी करा आणि चांगला आटवा. टोमॅटो, लसूण, तेल आणि मीठ एवढ्यावर पंचवीस मिनिटे शिजवून चमच्यावरून ओघळणार नाही इतका दाट झाला पाहिजे. पातळ सॉस घातला तर वर लिहिलेल्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडते, अक्षरशः.

घरघंटी (पुणे)

वरची कृती उत्तम आहे, पण ती करण्यापूर्वी ज्वारी कुठे दळली जाते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. भारतात ग्लुटेनमुक्त म्हणवल्या जाणाऱ्या पदार्थात एका किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. हिशेब केला तर एक किलो ज्वारीच्या पिठात साधारण पाव ग्रॅम गव्हाचे पीठ मिसळले तरी ही मर्यादा गाठली जाते. पाव ग्रॅम म्हणजे चिमूटभरसुद्धा नव्हे. कोपऱ्यावरच्या गिरणीत आपल्या आधी कोणाचा गहू दळला गेला असेल तर पात्याला आणि पिशवीला राहिलेले पीठ मूठभर तरी असते. 'आधी थोडे तांदूळ दळून घ्या' असे सांगून हा प्रश्न सुटत नाही.

आमच्या घरी मुलीसाठी वेगळी घरघंटी आहे आणि तिच्यात गहू कधीही जात नाही. ते शक्य नसेल तर ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून मिक्सरच्या नव्या भांड्यात थोडी थोडी दळावी आणि नव्या चाळणीने चाळावी. जुन्या चाळणीच्या जाळीतले आणि लाकडी पोळपाटाच्या चिरांतले पीठ कितीही धुतले तरी पूर्णपणे जात नाही.

आणखी दोन गोष्टी आपल्याकडे सहसा लक्षात येत नाहीत. पहिली म्हणजे डबीतला बांधानी हिंग. तो शुद्ध नसतो, त्यात बहुतेकदा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. दुसरी म्हणजे सातूचे पीठ आणि थालीपिठाची भाजणी. सातूच्या पिठात आपल्याकडे गहू भाजून घालतातच आणि विकतच्या भाजणीतही तो बऱ्याचदा असतो. 'भाजणीचा पिझ्झा कर' असा प्रेमळ सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच, तेव्हा आतले घटक विचारून घ्या. पाकिटातले ओरेगॅनो-मिरचीचे मिश्रण, किसलेले चीज आणि सोया सॉस यांच्या वेष्टनांवरची अ‍ॅलर्जीची ओळ वाचल्याशिवाय आणू नका. सोया सॉस तर बहुधा गहू घालूनच बनवलेला असतो.

तोरिनोकर (इटली)

मी गेली काही वर्षे तोरिनो येथे राहतो आणि माझ्या पत्नीला सिलिअ‍ॅक आहे. पिझ्झ्याच्या या देशात तिचे हाल होतील, अशी भीती मला होती, परंतु प्रत्यक्षात उलटे घडले. इथे सिलिअ‍ॅक असलेल्या व्यक्तीला ग्लुटेनमुक्त पदार्थांसाठी सरकारकडून दरमहा ठरावीक रक्कम मिळते, आणि २०२३ मध्ये तर मुलांची या आजारासाठी सरसकट तपासणी करण्याचा कायदाही झाला. अर्थात त्याने तुमचा वाढदिवस साजरा होणार नाही, म्हणून मुद्द्याकडे वळतो.

माझे म्हणणे असे की, मैद्याची नक्कल करण्याच्या मागे लागूच नये. इथल्या लिगुरिया प्रांतात फारिनाता नावाचा एक जुना पदार्थ आहे, तो निव्वळ हरभऱ्याच्या पिठाचा असतो आणि त्यात मुळातच ग्लुटेन नसते. आपली पाटवडी आणि आपले धिरडे यांच्या मधोमध कुठेतरी तो बसतो. ३०० ग्रॅम बेसन, ९०० मिलिलिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ एकत्र करून चार-पाच तास, किंवा रात्रभर, तसेच ठेवतात आणि वर आलेला फेस चमच्याने काढून टाकतात. मग १०० मिलिलिटर तेल घालून ढवळतात आणि तेल लावलेल्या पसरट ट्रेमध्ये जेमतेम अर्धा सेंटिमीटर थर देऊन ओव्हनच्या सर्वाधिक तापमानाला वरचा भाग सोनेरी होईपर्यंत भाजतात. पीठ पाण्यासारखे पातळ दिसते आणि पहिल्या वेळी आपण घाबरून त्यात बेसन वाढवतो, तसे करू नये. दहा मिनिटे गार झाल्यावर चौकोनी तुकडे कापा, त्यावर आटवलेला सॉस, थोडे चीज आणि ढोबळी मिरची घालून पुन्हा तीन-चार मिनिटे आत ठेवा. इथे याच्यासाठी ऑलिव्हचे तेल वापरतात, पण शेंगदाण्याच्या तेलातही तो छान लागतो, आणि खरे सांगायचे तर मला तोच अधिक आवडतो. वर ज्वारीबद्दल सांगितले आहे तसेच बेसनही विकतचे न घेता डाळ घरी दळावी.

एक सावधगिरीची सूचना. परदेशातून कोणी ग्लुटेनमुक्त पिझ्झ्याचे पीठ आणून दिले आणि त्याच्या घटकांत गव्हाचा स्टार्च लिहिलेला दिसला, तर गोंधळून जाऊ नका. त्यातले ग्लुटेन धुऊन काढलेले असते आणि त्या पिठाने बेस खरोखर मैद्यासारखा होतो. तरीही ज्याला गव्हाची अ‍ॅलर्जी आहे त्याने ते खाऊ नये, आणि तुमच्या मुलाला द्यायचे की नाही, हे त्याच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आप्पेपात्र (रत्नागिरी)

एवढा खटाटोप कशासाठी? इडलीचे पीठ घरी वाटलेले असले की त्यात गव्हाचा प्रश्नच येत नाही. आप्पेपात्राच्या प्रत्येक खळग्यात चमचाभर पीठ, त्यावर चीजचा तुकडा, थोडा सॉस, बारीक चिरलेली ढोबळी मिरची आणि वरून पुन्हा चमचाभर पीठ घालावे. झाकण ठेवून मंद आचेवर चार मिनिटे आणि उलटून आणखी दोन-तीन मिनिटे ठेवले की झाले. ओव्हन नको, यीस्ट नको, वजनकाटाही नको.

हुरडा (सोलापूर)

आप्पे चांगलेच होतात, याबद्दल वाद नाही. परंतु नऊ वर्षांच्या मुलाला पिझ्झा हवा आहे आणि त्याला आप्पे दिले तर ते त्याला एका क्षणात कळेल. शिवाय सोळा मुलांसाठी सात खळग्यांच्या भांड्यापाशी किती वेळ उभे राहायचे, याचाही विचार करावा.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. वाढदिवस परवा पार पडला, म्हणून काय झाले ते लिहिते.

घरघंटी यांचे उत्तर वाचल्यावर प्रथम हिंगाची डबी पाहिली. तीवर गव्हाचे पीठ स्पष्ट लिहिलेले होते आणि गेले कित्येक महिने तोच हिंग मी त्याच्या आमटीत घालत होते. भाकरीचे पीठही कोपऱ्यावरच्या गिरणीतलेच होते. त्याच्या पोटदुखीचे कारण तेच असेल का, हे डॉक्टरांना विचारणार आहे. आता मिक्सरचे नवे भांडे आणि नवी चाळणी घेतली आहे.

ज्वारीच्या चकत्यांचा पहिला घाणा बिघडला. वजनकाटा शेजारून आणायचा कंटाळा केला, इसबगोल चमच्याने मोजले, ते जास्त पडले आणि चकत्या रबरासारख्या झाल्या. दुसऱ्या दिवशी काटा आणला आणि पुढचे चारही घाणे जमले. चार दिवस आधी भाजून फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या, त्या ऐन वेळी न वितळवता तशाच सॉस लावून आत टाकल्या, दोन मिनिटे जास्त लागली एवढेच. फारिनाताही करून पाहिला. मुलांनी त्याला फारसा हात लावला नाही, पण सोबत आलेल्या मोठ्या माणसांनी ट्रे पुसून खाल्ला आणि माझ्या सासूबाईंनी त्यावर पिझ्झ्याचे काहीही न घालता फक्त ओले खोबरे आणि कोथिंबीर पेरली.

ज्वारीच्या चकत्यांपैकी चार उरल्या, त्या त्याने सोमवारच्या डब्यासाठी राखून ठेवायला सांगितल्या आहेत. डब्यात त्या चार तासांनी कडक होऊ नयेत म्हणून पिठात तेल वाढवावे की पाणी, एवढे हुरडाताई, सवडीने सांगा.

हुरडा (सोलापूर)

दोन्ही नको. डबा भरताना चकती गरम असतानाच स्वच्छ कपड्यात गुंडाळा आणि सॉस जरा जास्त लावा. पुढच्या घाण्यात ज्वारी २० ग्रॅम कमी करून तेवढाच उकडलेला, बारीक किसलेला बटाटा घालून पाहा आणि पाणी दोन चमचे कमी घ्या.