पालावरची मुलं: कागद नाहीत म्हणून शाळा आणि लस अडली

प्रश्न (वाघोली, पुणे)
इथल्या पालावर (तंबूंच्या वस्तीवर) भटकी फासेपारधी कुटुंबं उतरली आहेत. त्यातली एक मुलगी 9 वर्षांची, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. भाऊ दीड वर्षाचा, एकही लस नाही. जन्मदाखला नाही, आधार नाही. शाळेतून "आधी कागद आणा" म्हणून परत पाठवलं. कागदांची सुरुवात कुठून करायची?

उत्तर 1
कागदांपासून करूच नका, आधी पोरगी वर्गात बसू दे. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 14(2): वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीची नोंद किंवा पालकांचं वयाचं घोषणापत्र चालतं. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी नकार पुढे कुणीच कबूल करत नाही.

तिला पहिलीत बसवू देऊ नका. कलम 4 प्रमाणे वयानुरूप प्रवेश, म्हणजे चौथी, आणि सोबत विशेष प्रशिक्षण. सहा वर्षांच्या पोरांत बसवलेली मुलगी लाजेनं महिनाभरात येणं बंद करते. शिवाय घरात पारधी बोली असते. तिला मराठी कळत नाही, म्हणून ती गप्प बसते. तिला मंद समजू नका.

उत्तर 2
लसीला आधार लागत नाही. बीसीजीचं (क्षयावरच्या लसीचं) वय गेलं, पण गोवर-रुबेलाचे दोन डोस 5 वर्षांच्या आत देता येतात, मध्ये किमान 4 आठवडे. घोळ नेमका इथेच होतो: दुसऱ्या डोसाआधी पाल उठतं. कार्डाचा फोटो काढून ठेवा, पुढचा मुक्काम विचारून तिथल्या आशाताईंना कळवा.

त्या दीड वर्षाच्या भावाच्या दंडाचा घेरही मोजून घ्या, डाव्या दंडाच्या मध्यावर. 11.5 सेंमीच्या खाली भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज असली, तर ते तीव्र कुपोषण. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

उत्तर 3
शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जातीची नोंद होताना तिथे उभे राहा. पवार, भोसले, काळे ही आडनावं ऐकून "हिंदू मराठा" लिहिलं जातं, आणि जातीचा दाखला काढताना तीच नोंद आड येते. नुसतं "पारधी"ही लिहू देऊ नका. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, राजपारधी आणि पालपारधी विमुक्त जातींत. पुरावा कुठल्या तारखेआधीचा लागतो, तेही वेगळं: जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961.

प्रश्नकर्ता
आजोबांचं मूळ गाव कर्जत तालुक्यात (अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा नगर जिल्हा). जातीच्या दाखल्याचा अर्ज पुण्यात चालेल?

उत्तर 3
नाही. त्या तारखेला कुटुंब जिथलं रहिवासी होतं, तिथल्या प्रांत कार्यालयात अर्ज करावा लागतो. पुण्यात दिलात तर महिने वाया जातील. आधी कर्जत तहसीलच्या अभिलेख कक्षात आजोबांच्या किंवा त्यांच्या भावंडांच्या जन्माची कोतवाल बुकातली (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतली) नोंद शोधा. जाताना भावंडांची नावं, गाव आणि अंदाजे साल लिहून न्या. त्या बुकात बऱ्याचदा बाळाचं नाव नसतं, फक्त बापाचं असतं.