फोन असताना कॉम्पॅक्ट कॅमेरा घेणे खरोखरच व्यर्थ आहे का?

छायाप्रेमी:
"कॉम्पॅक्ट कॅमेरा घेऊन पस्तावलो, फोनपेक्षा एकही फोटो सरस आला नाही, तेव्हा कुणीही या फंदात पडू नये" असा अनुभव येथे एका सभासदाने मांडला आहे. त्यांच्या पस्ताव्याबद्दल मला काहीच म्हणायचे नाही. मला खटकले ते "कुणीही" हे विधान. त्यांनीच दिलेल्या माहितीनुसार त्यांचा कॅमेरा 1/2.3 इंची सेन्सरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप) आणि 30 पट झूमचा आहे. या सेन्सरचे क्षेत्रफळ जेमतेम 28 चौरस मिलिमीटर असते आणि आजच्या बऱ्याच फोनांचा मुख्य सेन्सर त्याहून मोठा असतो, त्यामुळे संध्याकाळच्या उजेडात फोन सरस ठरणार हे खरेदीपूर्वीच ठरलेले होते. याउलट एक इंची म्हणून ओळखला जाणारा सेन्सर 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट असतो. सोनीने 2012 मध्ये आरएक्स100 हा खिशात मावणारा कॅमेरा याच सेन्सरसह आणला, आणि त्याची लेन्स झूमच्या रुंद टोकाला एफ/1.8 इतकी उघडते, म्हणजे भरपूर प्रकाश आत घेते. मेगापिक्सेल आणि झूमचे आकडे पाहून कॅमेरा निवडायचा आणि नंतर दोष मात्र संपूर्ण प्रकाराला द्यायचा, हा अन्याय आहे.

सडेतोड:
तुमचे गणित बरोबर आहे, पण ते जुने झाले. शाओमीने 2022 मध्ये 12एस अल्ट्रा या फोनातच एक इंची सेन्सर बसवला. शिवाय फोन एका क्षणात अनेक फ्रेम टिपून त्या एकत्र करतो, आणि हे काम बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेरे आजही फारसे करत नाहीत. तुम्ही ज्या एक इंची सेन्सरची थोरवी सांगता, तसाच कॅमेरा मी घेतला होता. चालू करताना लेन्स बाहेर येते आणि बंद करताना आत जाते. या हालचालीबरोबर हवा आत ओढली जाते आणि हवेबरोबर धूळही. वॉरंटी संपल्यावर थोड्याच दिवसांत आकाशाच्या प्रत्येक फोटोत एकाच जागी करडा डाग दिसू लागला. लेन्स काढता येत नसल्याने सेन्सर घरी पुसण्याचा प्रश्नच नव्हता, आणि सर्व्हिस सेंटरने संपूर्ण लेन्स युनिट बदलण्याचा सल्ला दिला. धुळीच्या एका कणासाठी निम्मा कॅमेरा नवा घ्यायचा! कॅमेरा उत्पादकांच्या सिपा या जपानी संघटनेच्या आकडेवारीनुसार 2010 मध्ये न बदलणाऱ्या लेन्सचे, म्हणजे मुख्यतः कॉम्पॅक्ट, 10 कोटींहून अधिक कॅमेरे बाजारात गेले आणि 2023 मध्ये ती संख्या 20 लाखांच्याही आत आली. ग्राहकांनी हा निर्णय अज्ञानातून घेतला असे म्हणायचे आहे का?

जुनी_रीळ:
आपण दोघेही सेन्सरच्या आकारावर भांडत आहात आणि रंग विसरत आहात. माझ्याकडे 2000 च्या दशकातला सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरचा एक साधा कॅमेरा आहे. त्यात त्वचेचा रंग जसा येतो, तसा आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या सीमॉस प्रकारच्या कोणत्याही सेन्सरमध्ये मला आढळला नाही. नव्या कॉम्पॅक्टवर पैसे घालवण्यापेक्षा असा जुना कॅमेरा शोधावा, हेच माझे प्रत्येक खरेदीदाराला सांगणे आहे.

तंत्रनिष्ठ:
हा समज आता थांबला पाहिजे, कारण त्यापायी लोक बिघडलेली यंत्रे विकत घेत आहेत. सीसीडी असो वा सीमॉस, सिलिकॉनला रंग कळत नाही. रंग ठरतो तो सेन्सरवरच्या लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरांच्या जाळीमुळे आणि पुढे कॅमेऱ्यातील प्रक्रियेमुळे. विद्युतभार कोणत्या पद्धतीने वाचला जातो, याचा त्वचेच्या रंगाशी संबंध नाही. ऑक्टोबर 2005 मध्ये अनेक कंपन्यांनी आपल्या कॅमेऱ्यांतील सीसीडी उष्णता आणि दमटपणामुळे निकामी होत असल्याचे मान्य करून मोफत दुरुस्ती देऊ केली होती. अशा मालिकांतील दुरुस्त न झालेला कॅमेरा आज कुणाच्या हाती पडला, तर ती सोय आता उरलेली नाही. कार्डाचीही तीच अडचण आहे. त्या काळातले काही कॅमेरे एक्सडी हे आता बंद पडलेले मेमरी कार्ड मागतात, तर 2006 मध्ये एसडीएचसी हा मोठ्या क्षमतेचा कार्डप्रकार येण्यापूर्वीचे अनेक कॅमेरे 2 जीबीपेक्षा मोठे कार्ड ओळखतच नाहीत. शिफारस करताना हे सांगणे तुमचे कर्तव्य होते.

जुनी_रीळ:
कर्तव्य मला शिकवू नका. घरच्या समारंभात एकाच खोलीत, एकाच वेळी मी फोनने आणि त्या कॅमेऱ्याने आईचे फोटो काढले. कोणता फोटो कशाने काढला हे न सांगता सर्वांना दाखवले, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने कॅमेऱ्याचाच फोटो निवडला. फोनने आईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून टाकल्या होत्या. कॅमेऱ्याने आई जशी आहे तशी दाखवली. तुमची फिल्टरांची जाळी मला याचे उत्तर देत नाही.

तंत्रनिष्ठ:
उत्तर आहे, आणि ते सीसीडीत नाही. खोलीत तुमच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला असणार. तो झेनॉन वायूच्या नळीचा असतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास तो चमकून विझतो, पण तेवढ्यात खोलीतल्या पिवळट दिव्यांवर मात करतो, हालचाल गोठवतो आणि त्वचेला दिवसासारखा उजेड देतो. फोनचा एलईडी दिवा त्या ताकदीचा नसतो, म्हणून फोन अंधारामुळे फोटोत येणारे रंगीत ठिपके पुसत बसतो आणि त्यात सुरकुत्याही जातात. तुमचा फोटो सरस आला असेल, यावर माझा वाद नाही. मात्र तसाच फ्लॅश सीमॉस सेन्सरच्या कॉम्पॅक्टमध्येही मिळतो, आणि त्यासाठी वीस वर्षांपूर्वीची बॅटरी शोधत फिरावे लागत नाही.

जुनी_रीळ:
फ्लॅश पडला होता, हे खरे. तरीही उन्हातल्या फोटोंचे काय, हा प्रश्न तुम्ही सोडवलेला नाही, आणि माझे डोळे मला फसवतात असे मी मानणार नाही.

स्थिरहस्त:
या सीसीडीच्या भांडणात ज्यांच्यासाठी कॅमेरा घ्यायचा, ती माणसे हरवली. माझ्या वडिलांचे हात थरथरतात. फोनच्या काचेवर बोट टेकवताना फोन हलतो, कधी भलतेच काही उघडते. कॉम्पॅक्टचे बटण अर्धे दाबून फोकस धरता येतो, मनगटात दोरी अडकवता येते, आणि व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) असेल तर कॅमेरा कपाळाला टेकवून स्थिर ठेवता येतो. बॅटरी लवकर संपते, हे मात्र कोणी स्पष्ट सांगत नाही. दुसरी बॅटरी कॅमेऱ्याबरोबरच घ्यावी.

सडेतोड:
फ्लॅश आणि बटण हे दोन मुद्दे मी मान्य करतो, आनंदाने नव्हे, पण करतो. धुळीचे उत्तर मात्र मूळ लेखकाने अजून दिलेले नाही.

छायाप्रेमी:
धुळीचा आक्षेप खरा आहे. एकाच फोकल लेन्थच्या, म्हणजे झूम नसलेल्या, रिको जीआर मालिकेचीही लेन्स बाहेर येते, त्यामुळे तीही यातून सुटत नाही. फुजीच्या एक्स100 मालिकेची लेन्स आतबाहेर होत नाही, पण तो कॅमेरा खिशात मावत नाही. म्हणून वापरलेला कॅमेरा घेताना अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, शक्य तितके लहान करून निरभ्र आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढावा आणि तो पूर्ण मोठा करून कोपऱ्यांसह तपासावा. डाग असेल तर तो तिथेच दिसतो.

सडेतोड:
नव्या कॅमेऱ्यात ही तपासणी काय कामाची? डाग तर वापरल्यावरच येतो.