गाव शहरात घेतलं म्हणजे नेमकं काय केलं?

बांधावरचा

काल 'नकाशेवाला' यांनी लिहिलं, "शहराच्या कडेची सगळी गावं एका फटक्यात महापालिकेत घ्या. ग्रामपंचायतींना नगररचना झेपत नाही. गावकऱ्यांचा विरोध म्हणजे फक्त घरपट्टी वाचवायची धडपड." खाली सहमतांची रांग लागली. मला ते वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

घरपट्टी वाढते, टप्प्याटप्प्याने वाढते, खरं आहे. राग त्याचा नाही. गाव हद्दीत गेलं की ग्रामपंचायत संपते. सरपंच गेला, ग्रामसभा गेली, दप्तर गाडीत भरून पालिकेत गेलं. बदल्यात नगरसेवक मिळणार असं कागदावर असतं. पुण्यात २३ गावं जून २०२१ मध्ये घेतली. पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढं तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होता. गावाचा माणूस गेला आणि शहराचा आलाच नाही. नळाला पाणी नाही हे सांगायचं कुणाला?

१९९७ साली पुण्यानेच ३८ गावं घेतली आणि नंतर त्यातली काही सोडून दिली. २०१७ मध्ये ११ घेतली. त्यातल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीला २०२४ मध्ये वेगळी नगरपरिषद दिली. ही दोन्ही गावं पालिकेत नव्हती तेव्हाही शहराचा कचरा तिथंच पडत होता. कचरा आधी आला, मताचा हक्क कितीतरी वर्षांनी. याला तुम्ही नियोजन म्हणता?

माझं गाव पुण्याकडचं नाही, दुसऱ्या एका शहरालगतचं आहे, नाव लिहीत नाही. हद्दवाढ झाल्यावर गायरानावर पालिकेच्या आराखड्यात सार्वजनिक कामासाठी आरक्षण पडलं ते आम्हाला सहा महिन्यांनी कळलं, तेही मोजणीला माणसं आली तेव्हा. ग्रामसभा असती तर निदान ठरावात विरोध नोंदवला असता. रोजगार हमीची कामं बंद झाली, कारण आता आम्ही 'शहरी'. माझी चुलती त्या कामावर जायची. तिच्या आयुष्यात शहर आलं ते एवढंच.

नकाशेवाला

मी वीस वर्षं नगररचनेत काढली आहेत, त्यामुळे मलाही झोप न येण्याची कारणं आहेत. गायरानाचं वाईट वाटलं. पण हद्दवाढीच्या आधी काय चालू होतं तेही लिहा ना. गुंठा-गुंठा करून जमीन कुणी विकली? शहरातल्या लोकांनी येऊन विकली नाही. नऊ फुटी रस्त्यावर चार मजली इमारती उभ्या राहिल्या, ओढा पाइपात घालून वर प्लॉट पाडले, सांडपाणी शोषखड्ड्यात आणि शोषखड्डा शेजारच्या विहिरीला लागून. ना हरकत दाखले कुणाच्या सहीने निघाले? मी असे रस्ते टेपने मोजले आहेत. एका ठिकाणी आगीचा बंब आत जाईना. शेवटी बादल्यांनी आग विझवली. तिथं राहणारे लोक काही श्रीमंत बिल्डर नव्हते. भाड्याने राहणारे कामगार होते.

गाव शहर होणार हे पंधरा वर्षं आधी दिसत असतं. २०११ च्या जनगणनेत देशात ३८९४ गावं अशी निघाली, जी कागदावर ग्रामपंचायत आणि वस्तीने, कामधंद्याने शहर होती. दहा वर्षांपूर्वी हा आकडा १३६२ होता. मधल्या काळात कुणीच नकाशा केला नाही, तर नंतर रस्ता कुठून काढायचा? लोकांच्या स्वयंपाकघरातून?

आणि चांगलं उदाहरण हवं असेल तर पुण्यातलं मगरपट्टा बघा. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेच्या वर एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात हिस्से घेतले. विकून मोकळे झाले नाहीत. हे जमतं.

बांधावरचा

मगरपट्टा प्रत्येक चर्चेत येतो. तिथं बहुतेक एकाच भावकीची सलग जमीन होती आणि सगळ्यांचा विश्वास असलेला माणूस पुढं होता. आमच्याकडं सख्ख्या भावांचे बांधावरून दावे चालू आहेत. आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याला कसला हिस्सा? मजुराचं काय, वाट्याने कसणाऱ्याचं काय? नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या तेव्हा उरण-पनवेलच्या लोकांनी १९८४ मध्ये गोळ्या झेलल्या, पाच माणसं गेली, तेव्हा कुठं घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं. जमीन एकत्र करणं चांगलंच आहे. ते फुकट किंवा सहज झालं असं कुणी सांगू नये.

विहिरीची पायरी

तुम्ही दोघं जमिनीवर भांडताय, मी पाण्यावर लिहिते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण एकदम वाढले, तेव्हा बातम्यांमध्ये नावं कुठली होती आठवा. नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. हद्दीत घेतलेली गावं. खडकवासला धरण घराच्या मागं, आणि पाणी विहिरीतून, नुसतं क्लोरिन टाकून. धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना शुद्धीकरण केंद्राचं पाणी नाही आणि ते मैलोनमैल पुढं शहरात जातं, हे मला समजतच नाही.

मी राहते तेही असंच हद्दीत घेतलेलं गाव, वेगळ्या शहरातलं. सोसायटी मोठी, पाणी टँकरचं. मार्च लागला की दिवसाला नऊ टँकर. एकदा मी स्कूटर काढून टँकरच्या मागं गेले. आठ किलोमीटरवर एका मळ्यातली विहीर. मळ्यातली बाई चहा पाजून म्हणाली, "मेथी-कोथिंबिरीपेक्षा पाणी विकून जास्त सुटतं. पण शेजारच्या दोन विहिरी उतरल्या. आता जावा माझ्याशी बोलत नाहीत." तेव्हापासून अंघोळीला बादली भरताना ती बाई आठवते. शहर आणि गाव जोडायचं म्हणजे काय, याचा मला दिसलेला एकमेव नमुना तो टँकर आहे.

फ्लॅटधारक

ताई, भावना पोचल्या. पण आकडे बघा. राज्यातलं सिंचनाचं पाणी प्रचंड प्रमाणात उसाला जातं. शहरातला माणूस पाणीपट्टी भरतो, कर भरतो, त्याच करातून ग्रामीण रस्ते होतात. वर प्रत्येक उन्हाळ्यात आम्हालाच पाणीचोर म्हणायचं? आधी ऊस बंद करा, मग आमच्या बादल्या मोजा.

टेलवाला

मी दौंड-इंदापूरकडचा. खडकवासल्याच्या उजव्या कालव्याच्या शेवटाला शेती. आम्हाला टेलचे शेतकरी म्हणतात. सहसा लिहीत नाही, आज लिहितो.

साहेब, पुण्याला आणि आम्हाला पाणी देणारी खडकवासल्याची चार धरणं मिळून २९ टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आसपास पाणी. शहराचा करारातला कोटा साडेअकरा होता, उचल त्याच्या किती वर गेली ते तुमच्याच पेपरात दर वर्षी छापून येतं. त्या बदल्यात ठरलं होतं की वापरलेलं पाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे उपसा विहिरीतून, शेतीच्या बेबी कालव्यात सोडायचं, वर्षाला साडेसहा टीएमसी. किती सोडलं आणि कसं सोडलं हे बघायला एकदा या. फेसाचं पाणी बघून बैल तोंड लावत नाही. जे कालव्यात येत नाही ते नदीने उजनी धरणात जातं. तिथं जलपर्णीचा गालिचा आणि त्याच्याखाली मासेमारी करणारी माणसं. धरणासाठी त्यांच्याच बापजाद्यांची गावं पाण्याखाली गेली.

ऊस का लावतो? उसाला कारखाना आहे, भाव ठरलेला आहे. टोमॅटो लावला तर तुम्ही महाग झाला म्हणून ओरडता आणि पडला तर मी रस्त्यावर ओततो. दोन आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या, चुकली तरी ऊस कसाबसा तग धरतो, भाजी चार दिवसांत जाते. पाणी कधी येणार हे लेखी द्या, उद्या ऊस मोडतो.

२०२३ ला उन्हाळी आवर्तन आमच्या चारीला, कालव्याच्या छोट्या फाट्याला, पोचलंच नाही. अडीच एकर उभा ऊस जनावरांना घातला. त्याच आठवड्यात शहरात असलेल्या मुलीचा फोन आला, "बाबा, इकडं दिवसाआड पाणी झालंय, कसं करायचं?" मी तिला काय सांगू? दोन्हीकडं माझंच घर आहे.

फ्लॅटधारक

म्हणजे मुलीला शहराचं पाणी चालतं, नोकरी चालते, आणि शहराला शिव्याही द्यायच्या.

बांधावरचा

तुमची जीभ कशी रेटली हे लिहायला? त्यांनी शिवी कुठं दिली दाखवा. शेतकरी पाण्यावर बोलला की त्याला लगेच औकात दाखवायची, ही सवय जुनी आहे. मुळशीच्या लोकांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तेव्हाही त्यांना प्रगतीचे विरोधकच ठरवलं. धरण झालं, वीज मुंबईला गेली. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळातून पाणी न्यायची जलवाहिनी आठवते का? ९ ऑगस्ट २०११, पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांचा गोळीबार, तीन शेतकरी मेले. त्यांची मागणी एवढीच होती की पाणी नदीतून जाऊ द्या, काठच्या गावांना मिळू द्या. गाव पाणी देत आलंय, विचारणा मात्र कुणी केली नाही.

नकाशेवाला

बऊरचं कुणीही समर्थन करणार नाही. पण अभियंता म्हणून सांगतो, बंद नळातून पाणी नेलं तर गळती आणि बाष्पीभवन वाचतं, हेही खोटं नाही. गोळीबार चूक म्हणून जलवाहिनीची कल्पनाच पाप ठरत नाही.

बांधावरचा

वाचलेलं पाणी कुणाच्या नावावर जमा होतं? काठच्या गावाच्या की शहराच्या? याचं उत्तर तुमच्या नकाशात कधीच नसतं.

संपादक

वैयक्तिक रोख थांबवा. मुलीबद्दलचा प्रतिसाद लेखकाला मागे घ्यायला सांगितलं आहे. पुढचा असा प्रतिसाद थेट उडवला जाईल.

फ्लॅटधारक

मुलीबद्दल लिहायला नको होतं, शब्द मागे घेतो. उसाबद्दलचे घेत नाही.

नकाशेवाला

काल रात्रीपासून विचार करतोय. दोन गोष्टी मान्य करतो, तिसरी नाही.

एक, ग्रामपंचायत बरखास्त आणि नगरसेवक नाही, हा मधला काळ अन्यायाचा आहे. मी लिहिताना तो धरलाच नव्हता. निवडणूक होईपर्यंत ग्रामसभा चालू ठेवायला काय हरकत आहे? मला तरी सुचत नाही.

दोन, पाण्याच्या हिशेबाशिवाय हद्दवाढ करू नये. आणि त्यासाठी नवीन कायदाही लागत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीतलं कलम २४३ झेडडी वाचा. जिल्हा नियोजन समितीने पंचायती आणि नगरपालिका यांच्या योजना एकत्र करून आराखडा करायचा, आणि त्यात पाणी आणि इतर नैसर्गिक साधनांचं वाटप धरायचं, असं स्पष्ट लिहिलंय. जिल्हा परिषदेचे आणि नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य एकाच टेबलाला. दुर्दैवाने आपल्याकडं ती समिती म्हणजे पालकमंत्र्यांनी निधी वाटायची बैठक झाली आहे. ते टेबल आहे, त्यावर पाण्याचा कागद कुणी ठेवत नाही.

तिसरी गोष्ट. गावाच्या नावाखाली गुंठेवारी पाठीशी घालू नका. बांधावरचा यांनी माझ्या त्या प्रश्नाला अजून उत्तर दिलेलं नाही.

बांधावरचा

देतो. माझ्या वडिलांनी सहा गुंठे विकले, २००९ मध्ये, बहिणीच्या लग्नासाठी. दस्तात रस्ता नऊ फुटांचा. तुम्ही टेपने मोजला असता तर आठच भरला असता. आज तिथं तीन घरं आहेत आणि पावसाळ्यात तिघांच्याही उंबऱ्यापर्यंत पाणी येतं. मला त्या गल्लीतून जाताना मान वर करता येत नाही. पण तेव्हा रीतसर एनए (बिगरशेती) करून, रस्ता सोडून विकायचं म्हटलं असतं तर फाईल वर्षभर फिरली असती आणि लग्नाची तारीख पुढं गेली नसती. गावातल्या माणसाला कायदेशीर वाट इतकी लांब का, हेही तुमच्या खात्याने कधीतरी मोजावं.

टेबलाचं म्हणाल तर पटलं. पण त्या टेबलावर टेलचा माणूस पाहिजे. नाहीतर मधल्या मध्ये वाटणी होते.

विहिरीची पायरी

आणि मळ्यातली बाईसुद्धा. टँकरचं पाणी कुठल्याच हिशेबात धरलं जात नाही.

टेलवाला

कालव्याचं पाणी कधी, किती सोडायचं ते ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीला मी दोनदा जाऊन बसलोय, मागच्या खुर्चीवर. बोलायला मिळालं नाही. तुमची ती घटनेतली समिती कधी बसते, कुठं बसते, एवढं कुणीतरी इथं लिहून ठेवा, मी येतो. आत्ता उठतो, रात्री पाणी सुटणार म्हणतात. वरचे लोक दारं उचलायच्या आत चारीवर जाऊन बसायला पाहिजे.