भाजावळ करा, पण वाऱ्यात नको. चुकतंय का माझं?

कलमवाला (राजापूर)
गेल्या आठवड्यात हापूसची ३२ कलमं आणि काजूची अख्खी पट्टी गेली. खालच्या सड्यावर (कातळाच्या माळावर) कुणीतरी भाजावळ केलेली, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजलेली. दुपारी समुद्राकडचा वारा भरला आणि आग चढावरून धावत आली. चढ आणि पाठीशी वारा असला की ज्वाळा पुढे वाकतात, पुढचं गवत पेटायच्या आधीच भाजून निघतं. आम्ही सहाजण हिरवे टाळे (पाल्याच्या फांद्या) घेऊन झोडपत होतो आणि ठिणग्या आमच्या डोक्यावरून पलीकडे पडत होत्या. जाळरेषा (आग अडवायला मोकळी केलेली पट्टी) काढली होती, उपयोग शून्य. माझं म्हणणं एवढंच: फेब्रुवारी ते मे, सकाळी दहानंतर संध्याकाळी वारा पडेपर्यंत काडी लावली तर ग्रामपंचायतीने दंड घ्यावा.

खाचरवाली
नुकसानीचं वाईट वाटलं. पण दंड कुणाकडून घेणार? राब, म्हणजे भाताची रोपं करायची जागा, हौसेने कुणी भाजत नाही. कवळ (तोडलेल्या फांद्या), शेण, पातेरा (वाळका पाला), वर मातीचा थर. जळलं की तणाचं बी मरतं आणि तरवा (लावणीची रोपं) जोमाने येतो. तुमच्याकडे ग्रासकटर आहे, गडी आहेत. आमच्याकडे सासूबाई आणि मी. शिवाय भाजावळ आजची आहे का? माझ्या लहानपणी डोंगरावर गुरं चरायची, लोक गवत कापून न्यायचे. आता गुरं गेली, पोरं मुंबईला, गवत कंबरेएवढं. वारा तेव्हाही हाच होता.

कलमवाला
गवताचं मान्य. पण गवत वाढलंय हे दिसत असताना जुन्याच सवयीने पेटवायचं?

पायपीट (पुणे)
मला विचाराल तर आगच बंद करा. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनीजवळ कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर वणव्यात सापडले, वीसहून जास्त माणसं गेली. वाळलेलं गवत, उतार आणि वारा, हे तिन्ही आपल्या सह्याद्रीतही आहे. नेरळच्या सगुणा भात तंत्रात राबही नाही, लावणीही नाही. गादीवाफ्यावर थेट बी टोकतात. ते का नको?

खाचरवाली
दादा, या एकदा आमच्या खाचरात. जूनमध्ये पाणी उभं राहतं, टोकलेलं बी कुजतं. ज्यांना जमतंय त्यांनी जरूर करावं. पुण्यातून सांगायला काय जातं!

निवृत्त खाकी
वनरक्षक म्हणून बरीच वर्षं काढली, म्हणून दोन गोष्टी. पायपीट यांची बंदी कागदावर आहेच: राखीव वनात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ खाली गुन्हा. पण रत्नागिरीत डोंगर बहुतेक मालकीचे, तिथे ते लागत नाही. निष्काळजीपणासाठी न्याय संहितेचं कलम २८७ आहे. साक्ष कोण देणार? सगळे भावकीतले. उपग्रहाचे इशारे मोबाईलवर येतात, पण त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा आणि दिवसातून मोजक्या फेऱ्या. इशारा वाचेपर्यंत डोंगर काळा.

दुसरी गोष्ट कलमवाल्यांना. दहाची वेळ घालून भागणार नाही. मी पाहिलेल्या वणव्यांत बरेचसे नीट वेळ बघून लावलेल्या आगीचेच होते. संध्याकाळी वारा पडला की लावतात, विझली म्हणून घरी जातात. एखादा जुना बुंधा आतून धुमसत राहतो. सकाळची मतलई ओसरून दुपारी खारा वारा सुरू झाला की तोच निखारा उठतो. तेव्हा तिथे माणूस नसतो.

कलमवाला
...आमच्याकडे हेच झालं. चौकशी केली, भाजावळ आदल्या संध्याकाळची होती. म्हणजे माझ्या नियमात तो माणूस निर्दोष.

पायपीट (पुणे)
म्हणूनच म्हणतो, पूर्ण बंद.

खाचरवाली
आणि तरवा तुम्ही पाठवणार? खाकी काकांचं पटलं. पण दुसऱ्या दुपारपर्यंत पाण्याची कळशी घेऊन राबाशी बसायचं कुणी? मी बसले तर घरचं कोण बघणार? कलमवाले, दंडाच्या पावत्या छापण्याआधी तुमच्या गड्यांपैकी एक जण दोन दिवस द्याल का? माझा राब येत्या शुक्रवारी आहे.

कलमवाला
शुक्रवारी मीच येतो. पण बुंधा असेल तर आधी खणून काढायचा, हे ठरलं.

खाचरवाली
कुदळ तुमची.